वीतभर आधी

नयनाने बाण सोडला आणि कान दिले. साठ मीटरवर जमिनीवर रचलेल्या चामड्याच्या डब्या तिला जेमतेम दिसत. डबी उडाली की शेजारी उभ्या माणसाने दोन्ही हात वर करून 'ऊखाऽऽय' अशी लांब तान द्यायची. मंगोलियात बाण लागल्याचं असं गाऊन सांगतात. आखातातल्या शमालच्या मैदानावर दर शुक्रवारी ही तिरंदाजी शिकवणारी ओयुन त्याबाबत फार कडक होती. आजच्या स्पर्धेत हे काम प्रत्येकीच्या घरच्या माणसाकडे होतं. प्रिसिलासाठी तिचा नवरा हॅरी होता, नयनासाठी अभिजित.

पण कुणी गायलं नाही. म्हणजे हुकला. नयनाने नेम बोटभर उजवीकडे घेतला. दुसऱ्या बाणालाही शांतता, तिसऱ्यालाही.

पलीकडे हॅरीने मात्र आतापर्यंत दोनदा मैदान दणाणून सोडलं होतं. वसईच्या चर्चमध्ये गाणाऱ्याचा गळा तो.

शेवटच्या बाणाआधी सगळे पाणी प्यायला थांबले.

"अहो, तिन्ही हुकले?"

"पहिला लागला की. मधली डबी उडाली."

"मग गायला का नाहीत?"

"अंगठा दाखवला ना मी."

"साठ मीटरवरून तुमचा अंगठा दिसतो होय मला? हुकला समजून मी नेम बदलला!"

"तिनातला एक लागला," अभिजित म्हणाला. "त्यात गायचं काय, नयना?"

यात त्याचा दोष म्हणावा तर तो पोटापाण्याचाच. गॅस प्लँटमध्ये वेल्डिंग तपासण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. लोकांना पाइप दिसे, याला आधी चीर दिसे. घरी येतानाही तो ती नजर गेटवर ठेवून येत नसे. नयनाची पोळी एका कडेला जाड, गाडी पार्क केली तर तिरकी, भिंतीवरचं चित्र डावीकडे झुकलेलं. त्याचं म्हणणं दरवेळी खरंच असायचं, हा आणखी वैताग. बाकी सगळं तिने हसण्यावारी नेलं होतं. पण धनुष्य तिने चोपन्नाव्या वर्षी, कुणाला न विचारता हातात घेतलं होतं. मार्चमध्ये ते नाशिकला परतणार होते. तिची ही शेवटची स्पर्धा. हरली असती तरी चाललं असतं. त्या एका तोंडून तिला एकदा, सगळ्यांसमोर, ऐकायचं होतं.

"माझं काय चुकलं ते सगळं सांगता," ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "बरोबर आलेलं तेवढं सांगत नाही."

अभिजितने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

प्रिसिलाचा शेवटचा बाण हुकला. आता नयनाचा लागला तर बरोबरी. तिने नेम पुन्हा पहिल्या जागी आणला, श्वास रोखला आणि बाण सोडला.

"ऊखाऽऽऽय!"

एकच आवाज, घोगरा, मध्येच फाटलेला. पलीकडे अभिजितचे दोन्ही हात आभाळाकडे गेले होते आणि इनशर्ट सुटून बाहेर आला होता. नयनाने धनुष्य तिथेच खाली टाकलं. ती धावतच निघाली.

जवळ आल्यावर तिची पावलं मंदावली. बाण वाळूत पडला होता. डब्या रचल्या तशाच होत्या. ओयुन वही हातात धरून अभिजितकडे बघत होती आणि हॅरी उगाच बुटाची नाडी बांधत होता.

"अहो, हा तर हुकलाय."

"वीतभर आधी पडला," अभिजित म्हणाला. "पाहिलं मी."

नयना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ओयुनला स्वतःच सांगितलं, की बाण लागला नाही, प्रिसिला जिंकली. ओयुनने मान हलवून वहीत लिहून घेतलं.

अभिजित ओशाळून हात खाली घेऊ लागला.

"राहू द्या जरा," नयना म्हणाली.