देवमाशाची पाठ

बातम्यांच्या चॅनेलमध्ये मेकअप करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. मालकालाही दुसरं काही म्हणायची सोय नव्हती, कारण त्याच्या टकलाची चकाकी मारायचं काम ताईंच्याच पफकडे होतं. तर अशा ताईंना एका सकाळी संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, ठिपकाताप आलाय."

"कुणाला?"

"शहरात हो! आणि दाखवायला आपल्याकडे काही म्हणता काही नाही."

खरं तर तापाचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. सरकारी डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "चार दिवस झोपा, पेज प्या, जातो आपोआप." चॅनेलने ते वाक्य दोनदा ऐकलं आणि बाजूला ठेवलं. झोपा आणि पेज प्या यावर दिवसभर ओरडणार कसं? बरं, खरे रुग्ण फोटो काढू देईनात. एकाने तर वार्ताहराच्या अंगावर उशी फेकली.

"मला एक पाठ हवी," संपादक म्हणाले. "रुंद. ठिपके तुम्ही काढा. कोपऱ्यात आपण 'प्रातिनिधिक चित्र' असं लिहू, म्हणजे कुणाची फसवणूक नको."

रुंद पाठ म्हटल्यावर ताईंच्या डोळ्यांसमोर एकच पाठ आली. त्यांचे यजमान तलावावर पोहायला शिकवायचे. शहरातली निम्मी माणसं त्या पाठीमागून हातपाय मारत मोठी झाली होती. पाठ म्हणजे दाराची फळी, आणि डाव्या खांद्याखाली एका ओळीत तीन ठसठशीत तीळ. पोरं त्यांना तोंडावर सर म्हणायची आणि पाठीमागे देवमासा.

सर दुपारच्या सुट्टीत आले, कपडे ठेवायच्या खोलीत स्टुलावर बसले आणि गुदगुल्या होतात म्हणून हसत राहिले. ताईंनी जांभळे ठिपके काढले, कडेला जरा पिवळी झाक दिली. दिव्याखाली घामाने ओघळू नये म्हणून पाण्याने न जाणारा रंग वापरला. काम इतकं फक्कड जमलं की कॅमेरावाला दोन पावलं मागे सरकून शूटिंग करू लागला.

घोटाळा पुढे झाला. तो रंग फक्त एका खास तेलाने निघायचा आणि तेलाची बाटली उघडून पाहतात तर रिकामी.

"उद्या नवी बाटली येतेय," ताई म्हणाल्या. "आजचा दिवस शर्ट घालून काढा."

"आणि तलावात?"

"आज नका उतरू. काठावरून ओरडा."

सरांचं तोंड एवढंसं झालं. त्या माणसाला पाण्याबाहेर ठेवणं म्हणजे छळच. पण बायकोचा शब्द.

संध्याकाळच्या बातम्या वाचणाऱ्याला चॅनेलमध्ये भोंगा म्हणायचे. त्याचा एकच नियम होता, समोरच्याला बोलू द्यायचं नाही. त्याने टेबलावर मूठ आपटली आणि पडद्यावर पाठ आली. कोपऱ्यात 'प्रातिनिधिक चित्र' ही अक्षरं होती, अगदी ठरल्याप्रमाणे. फक्त त्यांच्यावरून लाल पट्टी सरकत होती, 'तुमच्या शेजारी कोण झोपलंय?' पट्टी रात्रभर सरकत राहिली. खालची अक्षरं दिसली ती फक्त पट्टी लावणाऱ्यालाच.

शहराने ठिपके पाहिले. आणि पोहायला शिकलेल्या निम्म्या शहराने तीन तीळ पाहिले.

पहिला फोन नणंदेचा. "वहिनी, दादाला असं झालं आणि मला टीव्हीवरून कळावं?"

"अहो वन्सं, तो रंग आहे!"

"रंग तर दिसतोच आहे! जांभळा!" आणि नणंदबाईंनी गळा काढला.

मग जिन्यात पावलं वाजली. तलावाचे व्यवस्थापक, तोंडाला रुमाल, हातात जंतुनाशकाचा फवारा. त्यांनी आधी दाराच्या कडीवर फवारलं, मग पायपुसण्यावर, मग आपल्याच चपलांवर.

"सर, माफ करा, पण शर्ट वर करा."

"साहेब, हिने रंगवलंय हो."

"मग पुसून दाखवा."

ताईंनी साबण लावला, खोबरेल लावलं, शेवटी भांड्याची घासणीसुद्धा घेतली. सर कळवळले, पाठ लालबुंद झाली आणि जांभळे ठिपके लाल पाठीवर आणखीच उठून दिसू लागले.

"पसरतंय!" व्यवस्थापक किंचाळले. "तलाव बंद. उद्यापासून तुम्ही नाही. लोक पोरांना पाठवतील का त्या पाण्यात? मी दुसरा माणूस बघतो."

"अहो, मी पंधरा वर्षांचा असल्यापासून त्या पाण्यात आहे," सर म्हणाले. एवढंच म्हणाले. ताईंना ते रडले असते तर बरं वाटलं असतं.

व्यवस्थापकांनी जाताजाता आरोग्य खात्याला कळवलं. पांढऱ्या झग्यातली दोन माणसं आली आणि सरांना गाडीत घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. शेजारपाजार गॅलरीत उभा. सर सवयीने सगळ्यांना हात करत होते आणि हात केला त्या त्या गॅलरीचं दार धाडकन बंद होत होतं.

सकाळी ताई चॅनेलच्या दारातच तेलवाल्याची वाट बघत उभ्या होत्या. बाटली हातात पडताच त्या संपादकांकडे गेल्या.

"खुलासा द्या. यांची नोकरी गेलीय."

"देऊ ना. पण आत्ता कसा देणार? आपणच सगळ्यात पुढे आहोत!"

ताईंनी पदर खोचला, बाटली पिशवीत टाकली आणि तडक दवाखाना गाठला. फाटकाशी त्यांच्याच चॅनेलची वार्ताहर माईक घेऊन उभी होती. थेट प्रक्षेपण चालू. याहून चांगली संधी कुठली? ताईंनी वॉर्डमधून सरांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं आणि कापसाचा बोळा तेलात बुडवला.

"ऐका सगळे! हा रंग आहे! मी स्वतः लावलाय! मी यांची बायको!"

एक ठिपका गेला, दुसरा गेला. ताई घसा फोडून सगळी हकीकत सांगत होत्या, संपादकांचं नाव घेऊन सांगत होत्या. पण स्टुडिओत भोंगा बसला होता आणि त्याचा नियम पक्का होता. घराघरांत ऐकू येत होता फक्त भोंगा. "बघा! ठिपके जाताहेत! डोळ्यांदेखत जाताहेत! ही काय जादू आहे? देशाला उत्तर हवंय!"

पाठ लख्ख झाली. ओरडून ओरडून भोंग्याला ठसका लागला आणि त्याने पाण्याचा पेला उचलला. नेमक्या त्या घोटभर शांततेत वार्ताहरने सरांपुढे माईक धरला.

"काय वाटतंय तुम्हाला?"

सरांना काय वाटणार? "मला तलावात जाऊ द्या," ते म्हणाले. "त्या पाण्यात उतरलो की मी ठणठणीत."

पेला खाली आला, भोंगा पुन्हा सुरू. लाल पट्टी बदलली, 'तलावाच्या पाण्याने ठिपकाताप गायब!'

ताई नवऱ्याला रिक्षात घालून घरी पोचतात न पोचतात तोच व्यवस्थापकांचा फोन. कालचा माणूस हा नव्हेच. "सर, अहो कुठे आहात? लवकर या! माझ्याने आवरत नाही!"

तलावाच्या फाटकाबाहेर रांग होती. कळशा, कॅन, बादल्या, एका आजींकडे तर फुलदाणी. पहिली माणसं भरून बाहेर पडत होती आणि पाणी तलावात उतरायच्या शिडीच्या तिसऱ्या पायरीखाली गेलं होतं.

"पिऊ नका हो ते, क्लोरीन आहे त्यात!" ताईंनी एकाचा हात धरला.

"म्हणून तर गुण येतो," तो म्हणाला.

"अहो, आमच्या ह्यांना मुळात काही झालंच नव्हतं!"

"बरं झाल्यावर असंच वाटतं, ताई," रांगेतल्या एका बाईंनी त्यांना समजुतीने सांगितलं.

व्यवस्थापक हात जोडून पुढे आले. "सर, नोकरी तुमचीच. पण संध्याकाळपर्यंत तळ दिसेल. मग शिकवणार कशात? तुम्हीच काहीतरी सांगा लोकांना, तुमचं ऐकतील."

सर काठावर उभे राहिले. खरं सांगावं तर बायको सकाळपासून खरंच सांगत होती, आणि तिचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी शर्ट काढला. पाठ दिसताच रांग गप्प झाली. मग त्यांनी शिट्टी फुंकली.

"पाणी बाहेर नेलं की उपयोग नाही!" ते गरजले. "आत उतरावं लागतं! आधी पास काढायचा, मग आंघोळ, मग हातपाय मारत या काठापासून त्या काठापर्यंत!"

"आणि ज्यांना येत नाही?"

"त्यांना मी शिकवतो."

कॅन भराभर तलावात उलटे झाले. फुलदाणीवाल्या आजींनीसुद्धा घेतलेलं पाणी परत केलं, थेंब न सांडता. पासांच्या खिडकीवर झुंबड उडाली.

ताईंनी नवऱ्याला बाजूला ओढलं. "अहो, धडधडीत खोटं बोललात!"

"पाणी बाहेर नेलं तर त्यात पोहता येतं का?"

"नाही."

"मग खोटं काय बोललो?" आणि देवमाशाने उडी टाकली. वर आला तेव्हा तोंडभर हसत होता.

काठावर व्यवस्थापक उरले होते. कमरेला मोटारीच्या टायरची ट्यूब, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेली. इतकी वर्षं तलाव सांभाळला, पण पाऊल कधी ओलं केलं नव्हतं.

"सर," ते हळूच म्हणाले, "कालपासून माझ्या पाठीला जरा खाज सुटलीय."

"या की मग," सर म्हणाले. "आधी शिडी सोडा."