चौकटीबाहेरचं कुंकू

"जवळचा चेहरा टिपताना वर तीन बोटं जागा सोड, भागीरथी. कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीतून दिसतं ते सगळं भिंगाला दिसत नाही." स्टुडिओत आमचे हे मला बजावायचे. ते गेले, स्टुडिओही गेला; बजावणं राहिलं.

त्या शुक्रवारी कुवेंपुनगरात अंबुबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. छायास्वामी आले होते. सुवासिनीला पाटावर बसवायचं, हातभर अंतरावर जुना कॅमेरा मांडायचा, घरच्यांना त्याच्या बघायच्या खिडकीतून तिचं कुंकू दाखवायचं आणि बटण दाबायचं. आठवड्यानं फोटो येई तेव्हा काहींच्या भुवयांपाशीच कागद संपलेला असे, कुंकू दिसतच नसे. मग स्वामी कळवळून सांगत, डोळा फसतो, छाया फसत नाही. देवीनं कुंकू काढून घेतलं, नवऱ्याला धोका आहे. ज्या घरी स्वामींची पादपूजा ठरे तिथं मात्र देवी प्रसन्न.

माझी भाची जयलक्ष्मी त्यांच्यासमोर हसली होती. तिच्या फोटोतलं कुंकू गेलं आणि सासूनं, याच अंबुबाईंनी, तिला हुणसूरला माहेरी धाडलं. पोरीनं अन्न टाकलं.

माझा उपास होता. देवीची मी रोज पूजा करते. तिच्या तोंडी खोटं घालणाऱ्याला मी सोडणार नव्हते.

"स्वामींनीच आज पाटावर बसावं," मी हळूच म्हटलं.

"आम्हांला छाया शिवत नाही, अम्मा."

"मग भ्यायचं कशाला?"

बायका हसल्या. स्वामींना बसावं लागलं. मी अंबुबाईंकडे वळले. "यांचंही कुंकू गेलं तर जयलक्ष्मीला आणायला स्वतः जाल?"

"गौरीची आण, जाईन. पण स्वामींचं कुंकू जायचं नाही हो, खरं ना?"

खिडकीतून मी सगळ्यांना स्वामींचा मळवट दाखवला. केसांच्या कडेला चौकट टेकलेली, कुंकू शाबूत. मग कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्म काढली, तिच्या जागी तूप चोळलेला पातळ कागद लावला आणि भिंग उघडं धरलं. पदराच्या अंधारात एकेकीनं वाकून पाहिलं. कागदावर स्वामी उलटे उमटले होते. नाक होतं, भुवया होत्या, कपाळ नव्हतं.

"स्वामी, तुमचंही कुंकू गेलं. आता कोणत्या नवऱ्याला धोका?"

अंगण खदखदलं. स्वामी उठू लागले. मी त्यांना बसवलं. मला मुळीच दया आली नाही. कॅमेरा तीन बोटं वर उचलला. मळवट कागदावर परत आला.

"खिडकी वर, भिंग खाली," मी सांगितलं. "लांबून तेवढ्यानं काही बिघडत नाही. जवळून तीन बोटं कापली जातात. ज्यांचं कुंकू राखायचं त्यांच्यासाठी हे स्वामी कॅमेरा उचलून धरतात, एवढंच. देवी माझ्या हातानं खाली-वर होते का गं? हात जोडा, पण डोळे उघडे ठेवून. आधी विचारा, मग घाबरा."

गर्दी स्वामींभोवती दाटली. अंबुबाई तिथं नव्हत्या. त्यांनी देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा पदरात बांधला, चपला पायांत सरकवल्या आणि हुणसूरच्या बसकडे निघाल्या.