नऊशे सत्त्याऐंशी नंबरचा अर्ज

"एकोणिसावा? बाई, पुन्हा एकदा बघता का? मार्चमध्ये मी तेरावा होतो." फोनपलीकडचा म्हातारा आवाज जरा घुटमळला. "नाही, माझंच चुकत असेल. हल्ली होतं तसं."

ऑर्विल हेगन दर महिन्याला गावाच्या घरकुल कार्यालयात फोन करत. तिसऱ्या मजल्याचे जिने झेपेनात, म्हणून त्यांना तळमजल्याचं घर हवं होतं. एरवी पुढच्या टेबलावरची मुलगी पडद्यावरच्या प्रतीक्षायादीतला त्यांचा क्रमांक वाचून मोकळी होई. आज ती रजेवर होती, म्हणून फोन आला मार्लीस ट्वीटकडे. मार्लीस कार्यालयाची एकुलती एक प्रोग्रॅमर. बावीस वर्षं झाली, खुर्चीसुद्धा तीच.

"मी बघून कळवते," ती म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिचा जीव काही थाऱ्यावर राहीना. ती उठली, कॉफी ओतली, तशीच ठेवली. खिडकीशी गेली. एप्रिल निम्मा सरला तरी वाहनतळाच्या कडेला काळ्या बर्फाचा ढीग होताच. परत येऊन तिने आपलाच नऊ वर्षांपूर्वीचा जावा भाषेतला प्रोग्रॅम उघडला.

यादी लावायची ओळ एकच होती. प्रत्येक अर्जदाराचं नाव, खोल्या, अर्जाचा नंबर. त्यातला नंबर घ्यायचा आणि त्यावरून क्रम लावायचा. फक्त तो नंबर तिने आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून ठेवला होता. मजकूर लावताना यंत्र पहिलं अक्षर बघतं. सगळे नंबर तीन आकडी होते तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. ऑक्टोबरात हजार नंबरचा अर्ज आला, आणि त्याच्या सुरुवातीचा 'एक' 'नऊ'च्या आधी येतो म्हणून तो थेट सगळ्यांच्या पुढे जाऊन बसला. मग त्याच्यामागून आलेलेही. ऑर्विल यांचा नंबर नऊशे सत्त्याऐंशी. मागच्या शुक्रवारी रिकामं झालेलं तळमजल्याचं घर एक हजार तीनला गेलं होतं.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. यादी पुन्हा लागली आणि ऑर्विल पहिले आले. मार्लीसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब ड्वेन सँडविच खाता खाता तिचं सांगणं ऐकत होता. "सुधारलंस ना? मग झालं तर. 'यादीचा आढावा घेतला' म्हण. आणि हे बघ, कागदावर काही उमटवू नकोस. उद्या वकील दारात उभे राहतील, आणि नोकरी जाईल ती तुझी."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'चा तिला स्वतःलाच राग आला.

तिने फोन लावला. "ऑर्विल, तुम्ही पहिले आहात."

"आणि ते एकोणिसावा?"

आढाव्याचं वाक्य ओठांवर आलं होतं. "माझी चूक होती. यादी मीच चुकीची लावली होती."



"म्हणजे ऑक्टोबरात पहिला, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला चौथा, ख्रिसमसला सातवा... हे तुम्ही लोकांनी मला खरंच सांगितलं होतं?"

"हो."

"माझी लेक म्हणाली, बाबा, रांगेत कुणी मागे मागे जातं का? तुमचं डोकं गोंधळायला लागलंय. ख्रिसमसला गाडीची किल्ली घेऊन गेली ती. मलाही पटलं, बाई. चार महिने मी रोज स्वतःला वार विचारतोय."



"घराचं होईल तेव्हा होईल," ऑर्विलच पुढे म्हणाले. "एवढं लिहून द्याल का? कार्यालयाच्या कागदावर. लेकीला दाखवायला."

तिने कार्यालयाच्या नावाचा कागद ओढला. काचेपलीकडून ड्वेन बघत होता, बघू दे. तिने लिहिलं, 'ऑर्विल हेगन यांनी आम्ही सांगितलेला आकडा प्रत्येक वेळी बरोबर लक्षात ठेवला. चूक माझी होती.' खाली पूर्ण नावाने सही केली. मग कोट न चढवताच ती पत्र घेऊन कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे निघाली.