अख्खी कॅप्सूल

"कॅप्सूल पाण्याबरोबर गिळता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

इंदूबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. आबाजीच पुढे सरसावला. "तिला लहानपणापासून गोळी गिळवत नाय. मी फोडतो, आतले दाणे खलात बारीक करतो, मधातून देतो. एक दिवस चुकवला नाय."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

लोधिवलीच्या नाक्यावर आबाजीची पिठाची गिरणी. इंदूबाईला मोठ्या आतड्याचा आजार. दिवसातून कितीदा तरी परसाकडे जावं लागे, रक्त पडे. पनवेलच्या दवाखान्यातलं हे नवं औषध गणपतीत सुरू झालं, होळी आली तरी गुण नव्हता. आज बोलावलं होतं ते ऑपरेशनचं ठरवायला. आतडं काढायचं, पोटावर शौचाची पिशवी लावायची.

"त्या दाण्यांना बारीक भोकं असतात," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "भोकांत औषध, त्यावर झाकण. ते झाकण मोठ्या आतड्यात पोचल्यावरच उघडतं. तुम्ही दाणे कुटलेत, म्हणजे औषध वरच्यावरच सांडलं. जखमेपर्यंत गेलंच नाही." मग म्हणाल्या, "मी हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. ऑपरेशन राहू दे. आता अख्खी घेऊन बघा."

परतीच्या टेंपोत इंदूबाई नेहमीसारखी दाराशी बसली, केव्हाही उतरावं लागे म्हणून. आबाजी म्हणाला, "माझ्याच हातानं झालं गं."

"तुमी काय इख घातलंत?" इंदूबाई म्हणाली. "शिकते आता गिळायला."

शिकणं सोपं नव्हतं. सकाळी कॅप्सूल पुन्हा पुन्हा बाहेर आली. आबाजीनं पाठीवर हात ठेवला, तर तिनं तो बाजूला केला.

"तुमी बघत बसलात की घशाखाली जात नाय. गिरणीत जा तुमी."

तो गेला. त्या दिवशी त्यानं कुणाच्या तरी तांदळात गहू दळले.

पावसाळा सरता सरता रक्त थांबलं. आजार मुळापासून गेला नव्हता, पण ऑपरेशनचं नाव पुन्हा निघालं नाही.

दिवाळीनंतर कोंडाण्याला तिच्या भाचीचं लग्न निघालं. गावातल्या बायका टेंपो करून निघाल्या.

"मी येतो," आबाजी म्हणाला. "वाटेत लागलं तर?"

"नाय लागणार. गिराईक खोळंबलंय तुमचं."

ती टेंपोत चढली आणि दारापासून लांब, पार आतल्या कोपऱ्यात जाऊन बसली. आबाजी हात हलवायला थांबला होता. पण इंदूबाई शेजारणीशी बोलण्यात रंगली होती. टेंपो वळणाआड जाईपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.