पडलेल्यांची वही

सिस्टरचा संशोधनाचा प्रश्न तयार होता, गृहीतक तयार होतं, आणि खरं सांगायचं तर उत्तरही तयार होतं. इस्पितळातली नोकरी सांभाळून ती पदव्युत्तर पदवी करत होती. शुक्रवारी समितीपुढे आराखडा ठेवायचा होता. तो फेटाळला गेला की वर्ष वाया. प्रश्न असा होता: वॉर्डातले म्हातारे पेशंट पडतात, त्याला मदतनीस बायकांचा हलगर्जीपणा कारणीभूत आहे का? गृहीतक: आहे.

मार्गदर्शक मॅडमनी कागद वाचून टेबलावर ठेवला.

"हे गृहीतक नाही, ही फिर्याद आहे," त्या म्हणाल्या. "कोणावर राग आहे तुमचा?"

सिस्टरनं कागद आपल्याकडे ओढून घेतला. राग होता, आणि चांगला मुरलेला होता. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील हृदयाच्या दुखण्यानं तिच्याच वॉर्डात दाखल होते. एका रात्री संडासाकडे जाताना ते पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि चांगला हिंडता-फिरता माणूस अंथरुणाला खिळला. त्या रात्री कामावर मावशी होत्या, वीस वर्षं त्याच वॉर्डात राबलेल्या मदतनीस. सिस्टरनं लेखी तक्रार केली आणि मावशींची रवानगी तळघरातल्या लाँड्रीत झाली. तेव्हापासून त्या समोरून आल्या, की सिस्टर भिंतीकडे बघत पुढे जायची.

"एवढंच सांगा," मॅडम म्हणाल्या, "कुठले आकडे निघाले तर तुम्ही म्हणाल, माझं चुकलं?"

सिस्टरनं विचार केला. "असे आकडे निघणारच नाहीत."

"मग अभ्यासाचा खटाटोप कशाला? आधी 'कोणामुळे' हे खोडा. कोण पडलं, कधी पडलं, कुठे पडलं, एवढं मोजा. प्रश्न त्यातून निघू दे."

सिस्टर धुसफुसतच रेकॉर्डच्या खोलीत गेली. वॉर्डात कोणी पडलं की त्याची नोंद एका वहीत होते. पाच वर्षांच्या वह्या काढून ती पेन्सिलीनं रेघा ओढत बसली. मावशींच्या पाळीत जास्त माणसं पडलेली निघतील आणि ते आकडे मॅडमच्या समोर आपटता येतील, अशी तिची मनोमन खात्री होती. पण मावशी वॉर्डात होत्या तोवर त्यांच्या पाळीत पडणारे इतरांइतकेच निघाले. उलट दोन कमीच. तिनं पुन्हा मोजलं. तरी दोन कमीच.

वेळेच्या रकान्यात मात्र रेघांची दाटी झाली होती. रात्री नऊ ते अकरा. आणि ही दाटी सगळ्या वह्यांत नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या एका महिन्यापासून ती सुरू झाली होती. त्या महिन्यात काय बदललं, हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही.

हृदयाच्या पेशंटांना अंगातलं पाणी उतरवायची गोळी दिवसातून दोनदा देतात. ती घेतली की दोन-तीन तास सारखं लघवीला जावं लागतं. दुसरी गोळी पूर्वी दुपारी दिली जायची, पण तेवढ्यासाठी औषधांची गाडी पुन्हा फिरवावी लागे. ती गोळी रात्री आठच्या फेरीत देऊ, एक फेरी वाचेल, ही सूचना सिस्टरची होती. डॉक्टरांनी सही केली होती आणि मेट्रननी सभेत तिचं कौतुक केलं होतं.

संध्याकाळी घरी ती वडिलांच्या पलंगाशी बसली. "बाबा, त्या रात्री मावशी कुठे होत्या?"

"शेजारच्याला उलटी होत होती, त्याला धरून उभी होती बिचारी. दोन मिनिटं थांबा म्हणाली. मला कुठलं थांबवतंय?" बाबा म्हणाले. "तुला तेव्हाच सांगितलं होतं. पण तू रागात होतीस."

"आणि आठची गोळी कोणी दिली होती?"

"तूच की. वर दटावलंस, पाणी नीट प्या म्हणून."

तिला रडू आलं. बाबांना ते का, हे कळलं नाही, आणि सांगायचा धीर तिला झाला नाही.

शुक्रवारी तिनं नवा कागद वाचला. गृहीतक: पाण्याची दुसरी गोळी रात्री आठला घेणारे पेशंट, ती दुपारी घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडतात. मॅडमनी समितीसमोर तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"दोन्ही गटांत सारखेच पडले, तर माझं चुकलं," सिस्टर म्हणाली. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "आणि माझं चुकावं, असं फार वाटतं."

आराखडा मंजूर झाला. ती तशीच तळघरात गेली. मावशी चादरी मोजत होत्या.

"मावशी, मी तक्रार मागे घेतेय. हा अर्ज. तुमची चूक नव्हती. माझी होती का, ते आता तपासायचंय."

मावशींनी अर्ज सावकाश वाचला. मग घडी करून तिच्या हातात परत दिला.

"तक्रार तुम्ही वॉर्डात सगळ्यांसमोर वाचली होती, सिस्टर," त्या म्हणाल्या. "हे इथं चादरींना ऐकवून काय उपयोग?"

सिस्टरनं अर्जाची घडी उलगडली. "चला वर, वॉर्डात," ती म्हणाली, आणि मावशींसाठी दार धरून उभी राहिली.