तीन भोकांचं बटण

तळहातावरचं बटण अजून कोमट होतं, नुकतंच मशीनमधून निघालेलं, कडेला पांढरा भुसा चिकटलेला, आणि मधोमध तीन भोकं — वर दोन, खाली एक — म्हणजे दोन डोळे आणि आ वासलेलं तोंड, दुसरं काही दिसेचना. तिनं ते उलटं धरून पाहिलं, तर वर एक डोळा आणि खाली दोन तोंडं. ते तर आणखीच वाईट. तिनं पुन्हा सुलटं केलं. एखाद्याला भरल्या ताटावरून उठवून 'चल' म्हणावं आणि कुठे ते सांगूच नये, मग तो जसा बघत राहील, तसं ते बटण तिच्याकडे बघत राहिलं.

"छान आलंय ना?" गिरमिटकाका म्हणाले. बटणांना भोकं पाडायच्या मशीनवर ते इतकी वर्षं होते की त्यांचं खरं नाव आता पगाराच्या पावतीवरच उरलं होतं. जेवायची सुट्टी त्यांनी घेतलीच नव्हती, हे त्यांच्या भुवयांवरच्या भुशावरून कळत होतं. "दोन किंवा चार पाडणं सोपं हो. तीन सारख्या अंतरावर पाडायची म्हणजे... मशीनचं डोकंच बदलावं लागलं."

"डोकं बदललंत? आणि दवाखान्याच्या कोटांच्या बटणांची ऑर्डर? ती तर संध्याकाळी जायचीय."

"ती थांबवली. तुम्हीच म्हणालात ना सकाळी, आजच नमुना बघू या म्हणून."

म्हणाले होते. मीच म्हणाले होते. ती हसली, म्हणजे हसण्यासारखं काहीतरी तोंडानं केलं, आणि काका खूश होऊन गेले. दार लागलं, आणि खोलीत ती आणि ते बटण एवढेच उरले.

तिला या कारखान्याची व्यवस्थापक होऊन जेमतेम महिना झाला होता. त्याआधी किती वर्षं ती निवडीच्या टेबलाशी बसली होती, तडा गेलेली, कड उडालेली बटणं बाजूला काढत. मग वर कार्यालयात, आणि मग जुने साहेब निवृत्त झाल्यावर थेट त्यांच्या फिरत्या खुर्चीत — जी अजून साहेबांच्याच सवयीनं डावीकडे कलत असे, त्यामुळे कुठलाही गंभीर निर्णय ती किंचित तिरकी बसूनच घेई. तर या खुर्चीतून गेल्या आठवड्यात तिनं बैठकीत एक विनोद सांगितला होता. असा हशा पिकला की विक्रीवाल्याला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. ती दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होती. संध्याकाळी जेवताना तोच विनोद तिनं नवऱ्याला सांगितला, आवाज बदलून, हातवारे करून, आणि नवरा शांतपणे घास चावत म्हणाला, "मग पुढे?"

पुढे काही नव्हतं. विनोद संपला होता.

"तू पहिल्यापासूनच हुशार आहेस," नवऱ्यानं समजूत घातली, "पण बढती मिळाल्यावर एकदम विनोदीही झालीस, हे घरात तरी अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

ते 'मग पुढे?' दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं — जीभ पुन्हा पुन्हा तिथंच — तिच्याबरोबर कारखान्यात आलं. ती बघू लागली. तिनं खिडकी उघडली की सगळ्यांना उकडत होतं, बंद केली की सगळ्यांना गार वाटत होतं. ती म्हणाली, हा महिना बरा गेला, माना हलल्या. ती म्हणाली, तसा काही बरा नाही गेला. त्याच माना, त्याच लयीत. आणि आज सकाळी बैठकीत विषय तर गंभीर होता: गिऱ्हाइकं कमी होतायत, लोक चेनचे कपडे घालतायत, कॅमेऱ्यानं बटणं तपासणारं नवं मशीन पुढच्या तिमाहीत येऊन बसणार, जग कुठल्या कुठे चाललंय आणि आपण अजून दोन भोकं की चार यातच... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, अगदी सरळ चेहऱ्यानं, "आपण तीन भोकांचं बटण काढू या. आजच नमुना बघू."

बटण शिवायची मशीनं सगळ्या शिवणखात्यांत दोन किंवा चार भोकांचीच असतात. त्या खोलीतल्या प्रत्येकाची हयात बटणांत गेलेली. ती हशाची वाट बघत थांबली. विक्रीवाला म्हणाला, "वेगळेपण आहे." हिशेबनीस म्हणाले, "वेगळेपण तर आहेच." गिरमिटकाकांनी कानामागची पेन्सिल काढली. आणि करवत, जिला हे नाव तिच्या जिभेमुळे पडलं होतं, जी जुन्या साहेबांना भर बैठकीत 'तुमची बेरीज चुकलीय' म्हणाली होती, जिच्या शेजारच्या स्टुलावर बसून ती स्वतः निवडीचं काम शिकली — ती करवतसुद्धा खिडकीबाहेर बघत मूग गिळून बसली. तेवढ्यात मालकीणबाईंचा फोन आला, ती उठून गेली. मग कुणी भेटायला आलं, मग आणखी कुणी... सांगू, येऊन सांगू की थट्टा होती. पण खरं बोलायचं तर सांगायला सवड झाली नाही असं नव्हतं. तिला बघायचंच होतं हे कुठवर जातं ते. होयबा, एकजात होयबा — आणि या रागात एक प्रकारची ऊब होती, इतरांवर रागावताना असते तशी, पाय पोटाशी घेऊन बसावं अशी.

आता काय करायचं? गप्प बसलं तर तीन भोकांचं बटण हे धोरण होईल. विक्रीवाला त्याचं छापील पत्रक काढेल, आणि ते कधीच खपणार नाही हे माहीत असलेल्या माणसांना ती ते विकायला लावेल. सांगितलं तर काका, ज्यांनी जेवण सोडलं, ते सगळ्यांदेखत खुळे ठरतील, आणि आपण? एका महिन्यात हात दाखवून अवलक्षण. बटण तोंड उघडं ठेवून वाट बघत होतं. हा चेहरा कुठेतरी पाहिलाय, तिला वाटत होतं मघापासून, आणि मग एकदम — अरे, हा तर आपला धाकटा भाऊ, लहानपणी, गाडीच्या मागच्या सीटवर...

बाबा गाडी चालवतायत, रस्ता चुकलाय. सगळ्यांना कळलंय, आईला कळलंय, ती पर्समध्ये काहीच शोधत नाहीये तरी शोधतेय. बाबांना रस्ता सांगितलेला आवडत नाही. पाण्याची एक उंच टाकी डावीकडून गेली, मग थोड्या वेळानं पुन्हा तीच टाकी, आणि मग तिसऱ्यांदा, आणि धाकटा, खिडकीला नाक लावून, तोंडाचा आ करून, अगदी मनापासून विचारतो, "बाबा, ही टाकी आपल्याबरोबर येतेय का?" गाडीत कुणी श्वास घेईना. आणि बाबांनी गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि हसायला लागले — खांदे हलेपर्यंत, चष्मा काढून पुसावा लागेपर्यंत — आणि मग काच खाली करून पहिल्याच दिसलेल्या सायकलवाल्याला म्हणाले, "अहो, आम्ही चुकलोय." किती सोपं वाटलं होतं ते. त्या दिवसापासून बाबा आम्हाला उंच वाटायला लागले.

ती उठली. खुर्ची नेहमीसारखी डावीकडे कलून कुरकुरली.

निवडीच्या टेबलाशी चौघीजणी बसल्या होत्या, दिव्याखाली, पांढऱ्या ढिगातून बोटं फिरवत. करवत टोकाला होती. तिनं बटण करवतीपुढे ठेवलं. करवतीनं चष्मा कपाळावर चढवला, बटण पाहिलं.

"सुबक आहे."

"शिवायचं कशानं?"

"हातानं. दिवसाकाठी एखादा कोट होईल."

"म्हणजे तुला सकाळीच कळलं होतं."

"मलाच काय, त्या खोलीतल्या खुर्च्यांनाही कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस? तू?"

करवत बोटं चालवतच राहिली. "बोलले होते की. तुझ्या पहिल्याच बैठकीत. ते कॅमेऱ्याचं मशीन आल्यावर आम्हा चौघींचं काय, म्हणून विचारलं होतं. काय म्हणालीस?"

आठवलं. आठवायला जराही वेळ लागला नाही. ती म्हणाली होती, बघू. छान हसून म्हणाली होती, कारण उत्तर ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणणं नव्या खुर्चीला शोभणार नाही असं वाटलं होतं.

"काकांनी मशीनच्या तेलाचं विचारलं, बघू. हिशेबनीस रात्रपाळीबद्दल बोलले, बघू. साहेब निदान भांडायचे गं. भांडणाऱ्या माणसाशी बोलता येतं. तुझं ते गोड 'बघू' आहे ना, त्याच्यावर दातच रुतत नाहीत." करवतीनं आता मान वर केली. "आणि आज काय होती? थट्टा की परीक्षा?"

"थट्टा," ती म्हणाली, आणि मग, "परीक्षा."

"मग आम्ही नापास. पण परीक्षा आहे, एवढं शाळेतसुद्धा आधी सांगतात."

बाकीच्या तिघी फार लक्षपूर्वक बटणं निवडत होत्या. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. म्हणजे हे होयबा बाहेरून आलेले नव्हते. ते मी वाढवले, एका महिन्यात, गोडीगुलाबीनं, एकेका 'बघू'ला एक — आणि वर मीच त्यांच्यावर रागावून ऊब घेत बसले होते. लाज वाटत होती, भरपूर वाटत होती, पण त्या लाजेच्या तळाशी कुठेतरी, कसं कोण जाणे, हसू उकळत होतं. ती टाकी तिसऱ्यांदा समोर आली होती.

खाली मशीन बंद होतं, त्यामुळे एरवी ओरडून बोलावं लागे तिथं साधा आवाज पुरला. काका दुसरा नमुना घासत होते. ती आलेली बघून आणखी दोघं-चौघं जवळ आले, मागून करवत.

"सकाळी मी तीन भोकांचं म्हणाले, ते खरं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही मला अडवता का, ते बघायचं होतं. असं बघायला नको होतं. काकांचं जेवण गेलं, ऑर्डर अडली. चूक माझी आहे."

काकांनी नमुना फडक्यानं पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

"मला वाटलं, कुणीतरी काहीतरी नवीन मागतंय," ते म्हणाले. "खुळ्यासारखं वाटलं जरा. पण म्हटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे असेल काहीतरी."

भीतीनं हललेली मान आणि विश्वासानं हललेली मान वरून सारखीच दिसते, हे तिच्या परीक्षेत कुठेच धरलेलं नव्हतं. डोळे भरून येतील की काय असं वाटलं, तिनं घाईनं कामाकडे वळून विचारलं, "डोकं परत बसवलं तर ऑर्डर संध्याकाळी निघेल ना?"

"नाही," काका म्हणाले.

महिनाभरात तिला कुणी हा शब्द दिलेला नव्हता.

"नाही निघणार. डोकं बसवून, जुळवून, वर पॉलिश. घाई केली तर कडा उडतील, मग ही करवत आम्हाला कापेल. उद्या दुपारी."

'बघू' जिभेच्या टोकावर आलाच होता, सवयीनं, हसऱ्या चेहऱ्यासकट. तिनं तो गिळला. घशाला लागला, पण गिळला. "बरं," ती म्हणाली. "उद्या दुपारी."

"मी कळवतो त्यांना," विक्रीवाला पुढे आला, "मशीन बिघडलं म्हणून. सगळेच सांगतात." मग तो थांबला, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि तो जरा बिचकतच म्हणाला, "पण गेल्या वेळीही तेच सांगितलं होतं. आपलं मशीन फारच नाजूक आहे असं वाटायला लागलंय त्यांना."

आणि लोक हसले. कुणी नाकातून, कुणी पाठ फिरवून, काका तर खाली बसून. गेल्या आठवड्यातल्या हशासारखं एका सुरात नव्हे, आगेमागे, वेडंवाकडं. विक्रीवाल्यालाच कळेना आपण काय म्हणालो. तिलाही हसू आलं, आणि थोडा हेवाही वाटला.

"फोन मी करते," ती म्हणाली.

वर येऊन तिनं नंबर फिरवला. बटण टेबलावर, कलती खुर्ची, पलीकडे घंटा वाजतेय. करवत न बोलावता दारात येऊन उभी राहिली होती.

"चौघींचं उद्या पुन्हा विचारणार आहे. बैठकीत, सगळ्यांसमोर."

"विचार."

"उत्तर आहे?"

"नाही," ती म्हणाली. "पण उद्या सगळ्यांसमोर हेच सांगेन, आणि मग शोधायला बसू. तुम्ही चौघीही."

करवतीनं हे ऐकलं, पटलं की नाही ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही, पण गेलीही नाही. दाराच्या चौकटीला टेकून राहिली. घंटा वाजत होती. पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. भीती वाटत होती, आणि तरी ओठांच्या कोपऱ्यात हसू काही मावत नव्हतं. पलीकडे कुणीतरी फोन उचलला, आणि त्या क्षणी तिच्या मनात आलं की बाबांनी काच खाली केली तेव्हा त्यांनाही अशीच भीती वाटली असेल. मागच्या सीटवरून हे कधी दिसलंच नव्हतं.