नालीतलं औषध

देऊळघाटात महनूरला सगळे डॉक्टरीण म्हणत. ती डॉक्टर होती खरी, पण सुई टोचणारी नव्हे. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत जंतूंवर काम करणारी. हा फरक तिनं अब्बांना कितीदा तरी समजावला होता. तिचे अब्बा जब्बारमिया शिलाई मशीनवरून मान वर न करता "हाव, हाव" म्हणत आणि कपडे शिवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला लगेच सांगत, "पोरगी डॉक्टर हाये, दाखवून घ्या." त्यामुळे ईदला घरी आलं की शीरखुर्मा बाजूला आणि लोकांचे रिपोर्ट पुढं, असं तिचं व्हायचं. चिडायची बिचारी, पण अन्नपूर्णाबाई आल्या तेव्हा मात्र उठून उभी राहिली.

या बाईंच्या अंगणवाडीत ती बसायला शिकली, बोलायला शिकली. गावात काविळीची साथ आली होती त्या वर्षी बाईंनी घरोघरी चुलीपाशी उभं राहून बायकांना पाणी उकळायला लावलं होतं. ग्रामपंचायत झोपली होती, दवाखान्यात सलाईन नव्हती; पण गाव सावरलं ते बाईंच्या दमदाटीनं. अंगणवाडीत रोज खिचडीच्या आधी पोरांकडून ओरडून म्हणवून घ्यायच्या, "उकळलं पाणी, मेले जंतू!" सगळ्यात मोठा आवाज महनूरचा असायचा.

"माय, तुह्या काकाकडं पाह्य जरा," बाई म्हणाल्या. "ताप काही सोडून नाई राह्यला."

महादेवराव म्हणजे बाईंचे मालक. एसटीत ड्रायव्हर होते. देऊळगाव राजाची गाडी चालवता चालवता लघवी दाबून ठेवायची सवय लागली, पुढं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, मग लघवीची नळी आली आणि नळीबरोबर जंतू आले. आधी मेडिकलवाल्यानं अंदाजानं गोळ्या दिल्या. ताप उतरला की गोळ्या बंद, चढला की दुसऱ्या चालू. मग गावातल्या डॉक्टरानं सुया मारल्या, मग बुलढाण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी महागाच्या सुया मारल्या. आता लघवीच्या रिपोर्टात औषधांची ही एवढी नावं होती आणि प्रत्येक नावापुढं तोच शेरा, की लागू नाही. सर्दी झाली तरी अँटिबायोटिक खायचं, आणि जंतू ढिम्म हलेनासे झाले की कपाळावर हात मारायचा, अशी आपली अक्कल. भोगलं महादेवरावांनी.

महनूर ज्यावर काम करत होती ते नेमकं हेच होतं. काही विषाणू असे असतात की ते माणसाला हातही लावत नाहीत, फक्त जंतूंना मारतात. त्यांना फाज म्हणतात. पण ते भारी चिकित्सक. एक फाज ठरावीक जंतूलाच खातो, दुसऱ्याकडं बघतही नाही. आणि जिथं जंतू, तिथंच ते सापडायचे, म्हणजे गटारात. काकांच्या लघवीतला जंतू तिनं नागपूरला नेला आणि शहरातल्या नाल्यांचं पाणी त्याच्यावर सोडून पाहिलं. एकाचाही उपयोग नाही. मग अब्बांना सांगून देऊळघाटच्या स्टँडमागच्या नालीतलं पाणी बाटलीत भरून मागवलं. दुसऱ्या दिवशी काचेच्या ताटलीत जंतूंचा पांढरा थर होता आणि त्या थराला धिरड्याला पडतात तशी स्वच्छ भोकं पडली होती; तिथले जंतू फाजनं खाल्ले होते. महनूर प्रयोगशाळेत एकटीच नाचली.

पुढं परवानगीसाठी तिनं दारं झिजवली. शेवटी बुलढाण्याचे डॉक्टर तयार झाले, समितीही तयार झाली, पण कुरकुरत. हा पहिला रोगी. लागू पडलं तर मागं थांबलेल्यांची वाट मोकळी, नाही पडलं तर काम बंद. प्रयोगशाळेतल्या सरांनी तसं तोंडावरच सांगितलं होतं.

औषध घेऊन ती आली तेव्हा महादेवरावांना तिनं सगळं समजावून सांगितलं, कागदावर सही घेतली. त्यांना गंमत वाटली. "म्हंजे चोराच्या मागं चोर सोडाचा," म्हणाले. मग दाराकडं पाहून हळू आवाजात बोलले, "पण बेटा, तुह्या बाईसमोर विषाणू म्हणू नको बरं. तिचा भाऊ कोरोनात गेला. विषाणूचं नाव काढलं की हातपाय गळतात तिचे. औषध म्हण फक्त."

महनूरनं ऐकलं. स्वयंपाकघरात बाईंच्या हातात बाटल्या दिल्या. इवल्याशा, रबरी बुचाच्या. "बाई, फ्रिजमधी ठेवा. काकाले सकाळी उपाशीपोटी द्या. आधी सोड्याचं पाणी, मंग हे."

"अन् बनवलं कायचं हाये वं?"

आता इथं खोटं बोलता आलं असतं. पण अंगणवाडीतल्या बाईंपुढं महनूरची जीभ खोट्याला वळेना. "आपल्या स्टँडमागच्या नालीतून काढलं बाई. पण साफ केलं हाये, एकदम साफ."

"बाप्पा!" बाई म्हणाल्या आणि बाटलीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू आणलं ना? मंग देईन."

महनूर खुशीत नागपूरला गेली. रोज फोन करायची. "बाई, फ्रिज चालू हाये ना?" हाव. "उपाशीपोटी देता ना?" हाव वं, हाव. "काका दुसऱ्या गोळ्या तं नाई खात?" नाई माय. आणि ताप तिकडं चढतच होता. काकांच्या लघवीतला तोच जंतू, तीच ताटली, तोच फाज. प्रयोगशाळेत जंतूला मारतो आणि माणसाच्या पोटात गेला की काहीच नाही. महनूरचं डोकं फिरायची वेळ आली. लाइट जाते म्हणून तिनं अब्बांना फ्रिज तपासायला पाठवलं. अब्बा म्हणाले, "फ्रिज बर्फासारखा गार हाये. बाई बाटल्या देवासारख्या जपून राह्यली." मग तिनं बाटल्या भरणाऱ्या सहकाऱ्यावर आरडाओरडा केला. नंतर त्याची माफी मागावी लागली.

महादेवरावांचं रक्त नासलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात दाखल केलं आणि ते तिथून परत आलेच नाहीत. समितीनं काम बंद केलं. सर तिला म्हणाले, "ताटलीत बरं दिसतं, बाकी काही नाही." ती रागानं नुसती धुमसत राहिली. राग सरांचा नव्हता, स्वतःचाच होता.

तेरवी झाल्यावर ती भेटायला गेली. हार घातलेल्या फोटोखाली बाई बसल्या होत्या. महनूरला रडूच आवरेना. "बाई, माह्या औषधानं काहीच नाई झालं. माफ करा मले."

बाईंनीच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असं काऊन म्हणतं वं? तू कमी नाई पडली अन् म्याही कसूर नाई ठेवली. त्याइचं सरलं व्हतं." मग पदरानं डोळे पुसत उठल्या. "बरी आली. दोन बाटल्या उरल्या हायेत फ्रिजात. घेऊन जाय, कोन्या गरिबाच्या कामी पडतीन. थांब, उकळून देतो."

महनूर त्यांच्या मागं स्वयंपाकघरात गेली. बाईंनी गंजात पाणी घेतलं, बाटल्या त्यात सोडल्या, गॅस पेटवला. हात सराईत होता.

"बाई," महनूर म्हणाली. "रोज उकळत होत्या?"

"मंग? नालीतलं व्हतं ना माय. तू साफ केलं म्हणाली, पण आपल्या माणसाच्या पोटात जाणार, तसंच कच्चं कसं द्याचं? खयखय उकळाची, थंडी करून मंग द्याची. एक दिवस नाई चुकवला." मग त्यांनी मागं वळून पाहिलं. "काऊन वं, चुकलं का काही?"

या अल्ला! फ्रिज विचारला, उपाशीपोट विचारलं, गोळ्या विचारल्या. औषध जिवंत आहे, उकळलं की मरतं, एवढं एक सांगायचं राहिलं. कच्चं दिलं असतं तर काका वाचले असते का? कोणास ठाऊक. आता ते कधीच कळणार नव्हतं. सरांना हे सांगितलं तर बंद पडलेलं काम पुन्हा सुरू होईल, थांबलेल्या लोकांना औषध मिळेल. आणि मग समितीची माणसं या दारात येऊन या बाईला विचारतील. चूक महनूरची होती, आणि बाईंचं नाव घेतल्याशिवाय ती कोणापुढं सांगता येत नव्हती.

बाई अजून तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"नाई बाई," ती म्हणाली. "बरोबर केलं तुमी."

बाईंचा चेहरा सैल झाला. पाण्याला उकळी फुटली. गंज खाली उतरवून त्यांनी बाटल्या फडक्यात गुंडाळल्या आणि महनूरच्या हातात ठेवल्या.

"ज्याले देशीन त्याले सांगजो," बाई म्हणाल्या, "पुन्हा उकळाची गरज नाई म्हना."